कंपनी फिटिंग

कानसेनांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नाव मैफलीनं दिलेलं नाही, कारखान्यानं दिलंय. पंपांच्या कारखान्यात तपासणीच्या शेडमध्ये त्यांचा सगळा जन्म गेला. चालू पंपाच्या अंगाला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिनसलंय ते सांगायचं. बेअरिंग असो नाहीतर सैल नट, त्यांच्या कानातून काही सुटायचं नाही. नापास पंपाबद्दल ते घटकाभर बोलत. पास झालेल्या पंपावर मात्र खडूची एक रेघ ओढत आणि मुकाट्यानं पुढच्या पंपाकडे वळत. कुणी विचारलंच तर म्हणत, "त्यात बोलायचं काय? चांगला तो असायलाच हवा."

आता अशा माणसाच्या पदरात गाणारी बायको पडावी, याला काय म्हणायचं? लग्नाच्या नव्या नवलाईत एका दुपारी काकूंनी त्यांना गाणं म्हणून दाखवलं. जीव ओतून म्हटलं. कानसेन डोळे मिटून बसलेले. काकूंना वाटलं, रंगलेत! गाणं संपलं तसे डोळे उघडून म्हणतात कसे, "पंख्याच्या बेअरिंगला तेल हवंय."

झालं! त्या दिवसापासून काकूंनी नवऱ्यासमोर तोंड उघडलं नाही. म्हणजे गाण्यासाठी. एरवी उघडत होत्या आणि चांगलं सणसणीत उघडत होत्या. गाणं गेलं ते स्वयंपाकघरात, दार लोटून, भांड्यांच्या खणखणाटात.

कानसेन निवृत्त होऊन घरी बसले आणि काकूंनी गाण्याचा क्लास लावला. नवरा दिवसभर घरात असल्यावर बाईमाणसाला घराबाहेर काहीतरी हवंच. तिथल्या मास्तरीणबाईंनी एक दिवस बॉम्बच टाकला. "वार्षिक कार्यक्रमात तुम्ही एकट्यानं गायचं. रविवारी हो की नाही ते कळवा." हो म्हणावं तर भीती, नाही म्हणावं तर जन्मभर रुखरुख. शेवटी त्यांनी मनाशी एक ठरवलं. मास्तरीणबाईंनी त्यांचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. ते लेकीच्या जुन्या, काड्यापेटीएवढ्या प्लेअरमध्ये भरून घ्यायचं आणि कोण गातंय ते न सांगता नवऱ्याला ऐकवायचं. या माणसानं खोट न काढता ते शेवटपर्यंत ऐकलं तर हो. खोट काढली तर विषय संपला.

ऐकवायचं कुठे, तर गाडीत. घरात कानसेन एका जागी टिकत नाहीत. नळ ठिबकला की उठले, फ्रीज घुरघुरला की उठले. गाडीत निदान पट्ट्यानं बांधलेले असतात.

पण गाडी पडली कानसेनांची! घेऊन इतकी वर्षं झाली तरी सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, उन्हाळ्यात पाठीला चिकटतं. स्टिरिओ कंपनीनं बसवलेला. रेडिओ आणि कॅसेट, बस. प्लेअरची वायर खुपसायला भोक म्हणून नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियननं बघितल्या बघितल्या सांगितलं, "काका, हा डबा काढून टाकू. नवा बसवतो, अर्ध्या तासाचं काम."

"कंपनी फिटिंगला हात लावायचा नाही," कानसेन म्हणाले. विषय संपला.

मग बिनहाताचे उपाय सुरू झाले. इलेक्ट्रिशियननं शेपटीसारखी वायर असलेली एक कॅसेट दिली. वायर प्लेअरला जोडायची, कॅसेट स्टिरिओत ढकलायची, की गाणं गाडीत. स्टिरिओनं ती गिळली, क्षणभर विचार केला आणि ओकून टाकली. पुन्हा ढकलली, पुन्हा ओकली. तिसऱ्यांदा राहिली. गाणं लागलं. काकूंचा आवाज पहिल्या ओळीवरून वर चढू लागला आणि कानसेनांनी खटकन बटण दाबलं.

"खरखर येतेय."

"येऊ दे हो! गाणं तर ऐका!"

"खरखर येतेय म्हटलं ना."

झाला का घोटाळा! जे सोडून बाकी सगळं ऐकायचं, तेच नेमकं या माणसाला ऐकू आलं. रोज सकाळी कानसेन गाडीत जाऊन बसत. वायरची पिन शर्टाच्या टोकानं पुसत, स्क्रूड्रायव्हर डॅशबोर्डला टेकवून मूठ कानामागे लावत. काकू शेजारी जीव मुठीत धरून बसत. पहिली ओळ व्हायची, आवाज चढायचा आणि खटकन बंद. "खरखर." काकूंना गाडी पेटवून द्यावीशी वाटे. आपलं गाणं आपल्याच नवऱ्यानं इतक्या वेळा मध्येच तोडावं आणि आपण हूं की चूं करू नये, ही कसली परीक्षा आपण आपल्यालाच लावून घेतली!

शेवटी इलेक्ट्रिशियननं कंटाळून एक चिमुकलं यंत्र हातावर ठेवलं. ते गाडीतल्या सिगरेट लायटरच्या खाचेत बसवायचं, प्लेअर त्याला जोडायचा आणि गाडीचा रेडिओ कुठलंच स्टेशन लागत नाही अशा रिकाम्या जागी लावायचा. यंत्र चारदोन हातांवर गाणं सोडतं, रेडिओ ते पकडतो. कंपनी फिटिंगला धक्का नाही. पहिल्या दिवशी जागा नीट रिकामी नव्हती. काकूंच्या गाण्यावर कुणीतरी बाजारभाव वाचत होतं.

रविवार उजाडला. धाकट्या दिरांकडे जेवायला निघाले, तर रेल्वेचं फाटक बंद. गाड्यांची रांग. कानसेनांनी इंजिन बंद केलं आणि रेडिओचं बटण केसाएवढं फिरवलं. बाजारभाव गेले, खरखर गेली आणि गाणं लागलं. स्वच्छ, काचेसारखं.

कानसेनांनी डोळे मिटले. काकूंनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि पर्सचा पट्टा पिळायला घेतला. गाडीत पंखा नव्हता, तेवढीच जमेची बाजू. पहिलं कडवं झालं. बटणाकडे हात गेला नाही.

तेवढ्यात शेजारच्या टॅक्सीवाल्यानं मान बाहेर काढली. "काका, तुमच्याकडेही हेच लागलंय? स्टेशन कुठलं हो हे? जाहिराती ऐकून कान किटले होते, बटण फिरवत होतो आणि एकदम ही बाई लागली. काय गातेय!"



"स्टेशन नाही," कानसेन डोळे न उघडता म्हणाले. "आमच्याच गाडीतून येतंय ते तुमच्याकडे. आमची ही गातेय." आणि शेजारी बोट दाखवलं.

टॅक्सीवाल्यानं काकूंकडे बघितलं, रेडिओकडे बघितलं आणि आवाज वाढवला.

"तुम्हाला... कधी कळलं?" काकूंनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग मेलं सारखं बंद काय करत होता!"

"खरखर होती ना! घरात भांड्यांच्या आवाजात ऐकायचं, इथे खरखरीत ऐकायचं. एकदा तरी धड ऐकू देशील की नाही?"

"घरात ऐकत होता? इतकी वर्षं? आणि एक शब्द बोलला नाहीत?"

"त्यात बोलायचं काय?" कानसेन म्हणाले.

हे वाक्य काकूंना पाठ होतं. ते कोणत्या पंपांच्या वाट्याला येतं, तेही पाठ होतं. त्यांना रडू आलं आणि मनापासून संतापही आला. या माणसाला बदडावं की काय करावं, कळेना.

फाटक उघडलं. मागून हॉर्न सुरू झाले, टॅक्सी पुढे निघाली. पुढच्या गाडीपासून दोन ट्रक मावतील एवढं अंतर ठेवणारे, आणि न ठेवणाऱ्यांना शिव्या घालणारे कानसेन टॅक्सीच्या अगदी शेपटीला जाऊन चिकटले.

"अहो, अंतर ठेवा! धडकाल!"

"गप्प बस. मागे पडलो तर त्याचं तुटेल. शेवटचं कडवं राहिलंय." गाडी रुळांवरून धडधडत गेली. "आणि दुसऱ्या कडव्याआधी तू श्वास चोरतेस. कार्यक्रमात तेवढं सांभाळ."

"कार्यक्रमाचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"दार लोटून फोनवर बोलत होतीस. बिजागरीला तेल हवंय त्या."

खोट काढली होती. ठरल्याप्रमाणे विषय संपायला हवा होता. काकूंनी एका हातानं डॅशबोर्ड घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं मास्तरीणबाईंना फोन लावला.