वावर साफ करायला कोणी सांगितलं?

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी, ढाणकीजवळच्या एका वावरात. दिवस-जागा आधीच लिहून टाकते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की पोरगी हवेत बोलते.

आत्या कीटकशास्त्रज्ञ आहे, जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात शिकवते. वय पंचेचाळिशीजवळ. म्हणजे तरुणांच्या शिष्यवृत्त्यांना म्हातारी आणि मोठ्या पदांच्या योजनांना लहान. अशा मधल्या लोकांसाठी पाच वर्षांची एक अभ्यासवृत्ती निघाली. पगार तिकडून, वर्गातून सुटी, फक्त संशोधन. आत्याने अर्ज केला. तिच्या वयाला ती शेवटची संधी होती.

तिचं काम एका चाचांच्या वावरात चालायचं. चाचा पऱ्हाटी, म्हणजे कापूस लावतात, आणि धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या काही ओळी तिच्यासाठी सोडतात. तिथे फवारणी नाही, निंदण नाही, किडकं बोंड गळालं तरी उचलायचं नाही. फवारा बंद केल्यावर बोंडअळीला खाणारे किडे परत येतात का, आणि यायला किती वर्षं घेतात, हे तिला पाहायचं होतं. फवारता फवारता माणसं दवाखान्यात गेली तो हा जिल्हा. इथे हा प्रश्न कोणाला फालतू वाटत असेल तर वाटो.

गावात त्या ओळींना 'बाईचं जंगल' म्हणत. चाचांना चहाच्या टपरीवर टोमणे बसत, "काय चाचा, अळ्या पाळून राह्यले का?" चाचा म्हणत, "हो, दूध देतात." वर्षानुवर्षं त्यांनी तिथे विळा लावला नाही.

त्या मंगळवारी निवड समिती वावर बघायला आली. मी आत्यासोबत होते. गाडीतून उतरलो आणि औषधाचा वास आला. जंगल गायब. तण उपटलेलं, किडकी बोंडं वेचून नेलेली, पानं धुतल्यासारखी. धुऱ्यावर सतरंजी अंथरून, नवा पायजमा घालून चाचा उभे. चेहऱ्यावर लग्नघरचा आनंद.

समितीतल्या एकाने चष्मा पुसत विचारलं, "बिनफवारणीच्या ओळी त्या याच का?"

आत्या म्हणाली, "याच. आज फवारल्यात. याआधीची सगळी वर्षं फवारलेल्या नाहीत." त्यांनी मान हलवली. चहा घेतला नाही. पुढे निकाल आला, 'कामात सातत्य नाही.'

गाड्या गेल्यावर मी चाचांवर धावले. "चाचा, हे काहून केलं?"

"सरचा फोन आलता काल, बेटा. म्हणे मोठे लोक येऊन राह्यले, वावर चकाचक पाह्यजे, मॅडमच्या इज्जतीचा सवाल आहे. मंग पाहुण्याले कचरा दाखवू का मी?"

घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे अंगण सारवतात. चाचांनी वावर सारवलं. आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी मान ठेवला आपला."

बरं, चाचांचं सोडा. सरचं काय?

सर म्हणजे कॉलेजचे प्राचार्य. मी विचारलं तर म्हणाले, "मला काय कल्पना? मी स्वच्छता म्हणालो." कल्पना नाही? आदल्याच वर्षी त्यांनी पाहुणे आणून, याच ओळींपुढे उभं राहून सांगितलं होतं, "इथे आम्ही एक थेंब फवारत नाही." आम्ही म्हणे. आत्याला अभ्यासवृत्ती मिळाली असती तर पाच वर्षं तिचे वर्ग घ्यायला दुसरं माणूस शोधावं लागलं असतं, तेही त्यांनाच. अर्जावर सही करताना ते हसले होते. ते हसू मला तेव्हाही पटलं नव्हतं. त्यांनी मुद्दाम केलं याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण फोन आत्याला न करता थेट चाचांना कशाला, याचं उत्तर त्यांनी आजवर दिलेलं नाही.

आणि समितीचं तरी काय? एका सकाळच्या फवाऱ्याने मागची वर्षं पुसली जातात? वावराचं जाऊ द्या, आत्याला दोन प्रश्न जास्त विचारले असते तरी कळलं असतं.

या खरिपात चाचांनी ओळी पुन्हा सोडल्या आहेत. आता सरचा फोन आला तर म्हणतात, "रेंज नाही." पण पगार नाही, सुटी नाही. आत्या वर्ग संपवून बसने येते, उजेड असेपर्यंत पानं उलटते, परत जाते. असं किती वर्षं निभेल?

तुम्ही अशा समितीवर बसत असाल, किंवा बसणाऱ्याला ओळखत असाल, तर हळहळू नका. तिचा अर्ज पुन्हा उघडायला लावा. वावर पुन्हा बघायला या. आणि येण्याआधी कॉलेजला कळवू नका.