अंदमानचं गाईड, कितवीचं?

मला बघायला आले तेव्हा यांनी एकच चूक केली. पुढे पुष्कळ केल्या, पण त्या सगळ्या ह्या पहिलीच्याच लेकी.

धुळ्यात आमच्या घरी पोह्यांच्या बश्या फिरून झाल्या होत्या. शिक्षण किती, विणकाम येतं का, आडगावचे अमुक तुमचे कोण, सगळं विचारून झालं होतं. मग पाहुण्यांपैकी कुणाला तरी सुधारकपणाची उबळ आली. "मुलीलाही काही विचारायचं असेल तर विचारू द्या," असं ते म्हणाले. असं म्हणायची पद्धत असते. मुलीने मान खाली घालून "नाही" म्हणायचं, हीसुद्धा पद्धतच असते. मी विचारलं, "समुद्र दाखवाल का?"

बैठक गार पडली. पण माझं काय चुकलं? आमच्या धुळ्याची नदी म्हणजे पांझरा, जिच्यात उन्हाळ्यात म्हशीचे गुडघेसुद्धा भिजत नाहीत. समुद्र मी फक्त किराणावाल्याच्या कॅलेंडरवर पाहिलेला, आणि त्याच्याही निम्म्या भागावर तारखा. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, डोळे वटारले. नवरामुलगा मात्र ताठ बसला आणि म्हणाला, "समुद्र काय, बेटच दाखवतो की!"

पाहुणे गेल्यावर नाना आईला म्हणाले, "पोऱ्या चांगला शे, पन भलता बोलस." मला मात्र तेवढ्यावरच पसंत पडला. कुणाला घर पसंत पडतं, कुणाला शेती. मला मेलं बेट पसंत पडलं.

सासर सावद्याजवळच्या खेड्यातलं, केळीवाल्यांचं. हे जळगावात केंद्र सरकारच्या नोकरीला, त्यामुळे आमचं बिऱ्हाड जळगावात आणि शनिवारी एस.टी.ने गावाकडे. तापीचा पूल आला की गाडीतले लोक नदीला हात जोडत, कुणी नाणं टाकी, की झालं. यांचं तसं नव्हतं. पुलाच्या या टोकाला डोळे मिटायचे, हात जोडायचे, ते पार पलीकडे रस्ता लागेपर्यंत. ओठही हलत. नवी नवरी मी, मला कौतुक. म्हटलं, काय श्रद्धाळू माणूस पदरी पडला!

दोन वर्षं बेटाचं काही जमलं नाही. विषय निघाला की केळी आडवी यायची. पावसाळ्यात मृगबागेची लावण झाली की थंडीच्या तोंडावर कांदेबागेची, तीही केळीचीच, तिच्या मागोमाग आधीच्या बागेची कापणी. केळीला काही सुटी नसते, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. मग तिसऱ्या वर्षी यांना एल.टी.सी. लागू झाली. म्हणजे सरकार स्वतः म्हणायला लागलं, जा बाबांनो, भारतात कुठेही जा, प्रवासाचं आम्ही बघतो, फक्त मुदतीत जा. मी म्हटलं, "अंदमान."

"जाऊ की," हे म्हणाले. "पण आधी गाईड बघायला हवं. माहिती नसताना निघणं म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून विहिरीवर जाणं."

यांच्या स्वभावाची मला तोवर पुरती कल्पना आली होती. आमच्याकडे कुकर घ्यायचा ठरला तेव्हा यांनी तीन बिऱ्हाडांत जाऊन शिट्ट्या ऐकल्या होत्या. तेव्हा बेटासाठी एखादं पुस्तक, एवढं तर चालायचंच.

आम्ही दोघं बाजारात पुस्तकांच्या दुकानी गेलो. जून महिना, शाळांची गर्दी. यांनी ऐटीत विचारलं, "भाऊ, गाईड मिळेल का?"

दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "कितवीचं?"

"अंदमानचं."

आता त्याने मान वर केली. दोन मिनिटं विचार केला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "अंदमान नववीला आहे. आठवीला नुसता नकाशात ठिपका. नववीचं देऊ?"

मी हसू दाबायला पदर तोंडात धरला. आमचे हे मात्र गंभीरपणे आत पानं चाळून बघत होते. आणि घेतलं की हो! नववी, भूगोल, प्रश्नोत्तरांसह. घरी येताना म्हणाले, "हसू नकोस. यात निदान उत्तरं तरी दिलेली असतात."

ही वार्ता सासऱ्यांच्या कानावर गेली. आबांची सगळी हयात केळीत गेलेली. पाणी, खत आणि केळी भरायची रेल्वेची वॅगन या तीन गोष्टींपलीकडे जगात काही घडतं हे त्यांना मान्य नव्हतं. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "कुठी चालले म्हनता?"

मी म्हटलं, "बेट पाहायला, आबा."

"बेट पाहाले इतके दूर काबरं जातात? आपल्या बांधावर आहे ना बेट!" आणि त्यांनी खरोखर विहिरीजवळच्या बांबूंकडे हात केला. चूक त्यांचीही नाही. आमच्या मराठीने बांबूंच्या झुपक्याला आणि समुद्रातल्या जमिनीला एकच शब्द ठेवला, त्याला तो म्हातारा काय करणार? पण माझ्या नवऱ्याने त्या बांबूंकडे अशा काही आशेने पाहिलं, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नववीचं गाईड घरात असताना दुसरं आलं. हे मुंबईहून आलं, कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या मेव्हण्याकडून. इंग्रजी, विटेएवढं जाड, कुण्या गोऱ्या साहेबाने लिहिलेलं. हे रोज संध्याकाळी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसत आणि मला अर्थ सांगत. साहेबाचा सल्ला असा, की या बेटांवर उष्मा भयंकर, पारा तिशीच्या वर जातो, तरी नाजूक प्रकृतीच्या लोकांनी दुपारी बाहेर पडू नये. हे आम्हाला! जळगावात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटून चप्पल रस्त्यात राहते, आम्ही अनवाणी घरी येतो. पुढे साहेब म्हणतो, स्थानिक केळी अवश्य चाखा, असा अनुभव आयुष्यात एकदाच येतो. मी म्हटलं, "आबांना सांगा, आयुष्यात एकदा केळी चाखा म्हणावं."

"थट्टा पुरे," हे म्हणाले. "हे पुस्तक आपल्या कामाचं नाही." कामाचं का नाही, ते सांगितलं नाही. मी धरून चालले, की इंग्रजी जड गेलं.

तिसरं गाईड मराठी, अगदी बारीक. एका निवृत्त गृहस्थांनी स्वतः जाऊन येऊन लिहिलेलं. त्यात बेटं कमी आणि जेवणं जास्त. इथे पोळी मिळाली, तिथे मिळाली नाही, एके ठिकाणी वरणाला फोडणीच नव्हती, म्हणून सौंदर्यस्थळ फारसं आवडलं नाही. मला ते पुस्तक बेहद्द आवडलं. निदान माणूस खोटं बोलत नव्हता. पण यांचं घोडं तिथेही एकाच पानावर अडलं. "बोट लागणे : लक्षणे आणि उपाय." ते पान हे सकाळी चहाबरोबर वाचत आणि रात्री जेवणाआधी वाचत. मद्रासहून निघालेली बोट तीन-चार दिवस नुसती पाण्यावर असते, असं त्यात लिहिलेलं होतं. ते मोठ्याने वाचताना यांचा आवाज खोल जायचा.

"हेही नको," हे म्हणाले. "चौथं एक आहे म्हणतात. पुण्याला मिळतं."

असं करत करत वर्ष सरलं, दुसरं निम्मं झालं. घोंगडं किती भिजवायचं? एल.टी.सी.ची मुदत संपत आली. कचेरीतले बाकीचे लोक काश्मीर करून आले, कन्याकुमारी करून आले, फोटो दाखवून गेले. आम्ही त्यांना चहा पाजला. मी म्हणे, "आमचं अजून गाईड ठरायचंय हो," आणि ते हसत. मला हसू येत नव्हतं. समुद्र मागितला होता मी, आकाशातला चंद्र नव्हे.

एका रविवारी दुपारी वाळ्याचा कूलर घरघरत होता आणि हे चटईवर आडवे पडले होते. मी तिन्ही पुस्तकं आणली आणि यांच्या छातीवर ठेवली.

"आज यातलं एक ठरवा, नाहीतर मी धुळ्याला चालले."

हे उठून बसले. विटेएवढं पुस्तक खाली पडलं. ते उचलून ठेवत म्हणाले, "एकातही नाही गं."

"काय नाही?"

"पाण्यातून न जाता पोचता येईल असं बेट."

मला आधी वाटलं, नेहमीसारखी टिंगल चाललीय. मग तोंडाकडे पाहिलं. लहानपणी तापीत पोहायला शिकताना हे बुडत होते, आबांनी केस धरून बाहेर ओढलं. तेव्हापासून पायाखाली पाणी असणं यांना सहन होत नसे. विमान परवडणारं नव्हतं, आणि परवडलं असतं तरी खाली तेच. हे सगळं यांनी चटईची काडी सोलत सोलत सांगितलं. आणि मला तो तापीचा पूल आठवला, ते मिटलेले डोळे, ते हलणारे ओठ. साडेतीन-चार वर्षं मी ज्याला भक्ती समजत होते, ती भीती होती. कप्पाळ माझं!

"मग बघायला आलात तेव्हा बेट कशाला कबूल केलंत? मी नुसता समुद्र मागितला होता. बेट तुम्ही पदरचं घातलंत!"

"बाकी कुणी मुलीने मला कधी काही विचारलंच नव्हतं," हे म्हणाले. "तू विचारलंस. वाटलं, हिने मागितलं त्याहून जास्त द्यावं. तोंडातून निघून गेलं."

मला रडू आलं आणि रागही आला. मी राग वापरला, तो हाताशी होता. नववीचं गाईड उचललं आणि खच्चून वाचायला सुरुवात केली. "बेट म्हणजे काय? उत्तर : ज्या भूभागाच्या सर्व बाजूंना पाणी असते त्यास बेट म्हणतात. सर्व बाजूंना! कळलं? नववी पास कसे झालात तुम्ही?" यांनी मान खाली घातली. मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं, म्हणून त्याच तारस्वरात पुढचा प्रश्न वाचला. "पांबन बेट कोठे आहे? उत्तर : भारताच्या आग्नेय किनाऱ्यालगत. या बेटावर रामेश्वर हे तीर्थक्षेत्र असून, ते रेल्वेच्या पुलाने..."

माझा आवाज उतरला. "पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले आहे."

यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि तेच उत्तर पुन्हा वाचलं. गोऱ्या साहेबाला जमलं नाही ते नववीच्या गाईडाने केलं.

रामेश्वर म्हटल्यावर आबांचा सूरच पालटला. बेट पाहायला जाणारी सून ही वाया गेलेली सून, पण रामेश्वराला जाणारी म्हणजे घराण्याचं नाव काढणारी. देव्हाऱ्यातला गंगेचा बंद गडू त्यांनी स्वतः यांच्या हातात दिला, रामेश्वराला वाहायला. गावातली माणसं पाया पडायला आली. ज्या माणसाला पाण्याची धास्ती, त्याच्याच हाती पाण्याचा गडू! मी कुणाला काही बोलले नाही.

पांबनच्या पुलावर गाडी आली तेव्हा ती पायी चालल्यासारखी हळू झाली. खिडकीतून खाली पाहिलं तर कठडा नाही, रस्ता नाही, रूळही दिसत नाहीत. नुसतं पाणी. समोरच्या बाकावर सोलापूरकडच्या एक आजी होत्या. त्यांनी हात जोडले, डबाभर लोकांनी जोडले. आमचे हे गडू पोटाशी धरून डोळे घट्ट मिटून बसलेले, कपाळावर घाम. "केवढी भक्ती बाई यांची," त्या आजी मला म्हणाल्या. मी म्हटलं, "हो ना."

"संपला का?" यांनी हळूच विचारलं.

"अजून कुठला?"

"दोन्हीकडे पाणी आहे?"

"दोन्हीकडे."

मग हे म्हणाले, "कसा आहे समुद्र?"

मी यांचा एक हात गडूवरून सोडवून माझ्या हातात घेतला. सांगितलं, लांबवर निळा आहे, पण जवळ हिरवा, नुकत्या उलगडलेल्या केळीच्या पानासारखा. ऊन पडलंय त्याच्यावर. होड्या आहेत, लहान लहान. पूल संपेपर्यंत मी बोलत राहिले. मला वाटलं होतं, समुद्र पाहिला की मी गप्प होईन.

पुढे स्नानाच्या वेळी मी पाण्यात गेले, आणि हे काठावर माझ्या चपला सांभाळत, देवळाकडे तोंड करून बसले. परतीच्या पुलावर पुन्हा डोळे मिटले. यांनी शब्द पाळला. बेट दाखवलं. स्वतः पाहिलं नाही.

आता कुणी पाहुणे आले की हे रामेश्वरचा विषय काढतातच. "लांबवर निळा," हे सांगतात, "पण जवळ हिरवा. नुकत्या उलगडलेल्या केळीच्या पानासारखा." होड्यासुद्धा सोडत नाहीत. पाहुणे माना डोलावतात. मी चहाचे कप गोळा करते आणि मध्ये एक अक्षर बोलत नाही. मी, आणि मध्ये बोलत नाही!