काळं बोट

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. रेवदंड्याजवळच्या कातकरी वाड्यांमधल्या आरोग्यसेविकांना मी व्यसनमुक्तीचं प्रशिक्षण देत असे. त्यातली एक नेहमी दारापाशी बसायची. उत्तर देण्याआधी माझाच प्रश्न हळू आवाजात पुन्हा म्हणायची.

एका सकाळी दुखरे गुडघे सांभाळत तिच्या वाडीवर चढून गेलो, तर ती चार बायकांत बसून काळं बोट दातांवर घासत होती. मला वाटलं, तंबाखूची मिश्री. काही न विचारता मी अहवालात लिहिलं, ‘स्वतः व्यसनी, अपात्र.’ तिचं काम गेलं. ती एवढंच म्हणाली, “सर, बोट हुंगून तरी बघायचं व्हतं.”

पुढे आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडून कळलं, बोटावर होती ती बिनतंबाखूची साधी राखुंडी. “बोटाची सवय मोडत न्हाय बाय, मंग डबीतलंच बदलू, व्हय ना?” असं म्हणत तिने निम्म्या वाडीची मिश्री सोडवली होती. काम गेल्यावरही ती सोडवतच राहिली.

मी तिच्या घरी गेलो. तिने कोरा चहा दिला. “गुडघं अजून कुरकुरतात का सर?” म्हणून हसली. मी चहा संपवला आणि ‘येतो’ म्हणून उठलो. ‘माझं चुकलं’ एवढंच सांगायला गेलो होतो.