हाताची घडी

पोटाच्या सर्जन असलेल्या मॅडमची शिकवण्याची पद्धत साधी होती. सुरी विद्यार्थ्याच्या हातात द्यायची, आपले दोन्ही हात छातीपुढे गुंफायचे आणि गप्प राहायचं. पोरं म्हणायची, "शाळेत हाताची घडी, तोंडावर बोट आपल्याला असायचं. इथे ते मॅडमना आहे." बघणाऱ्याला वाटे, बाई फुकट उभ्या आहेत. पण विद्यार्थ्याचा हात जरा अडखळला की त्यांना सुरी काढून घ्यावीशी वाटे. वाटलं तरी हात सोडवायचे नाहीत, हीच तर खरी मेहनत होती.

हॉस्पिटलच्या नव्या नियमानं नेमकी तीच मेहनत मोडीत काढली. ऑपरेशनचा अवघड भाग ज्याच्या हातून होईल त्याच्या नावावर ते लागणार, आणि पगार त्यावरच ठरणार. मॅडम हिशेबनिसाशी भांडायला गेल्या, तर तो म्हणाला, "मॅडम, उभं राहण्याचे पैसे मी कुठल्या खात्यात दाखवू?" वरिष्ठ म्हणाले, शिकवणं ही सेवा आहे. घराचा हप्ता सेवेवर फिटत असता तर आणखी काय हवं होतं! नवऱ्याचा छापखाना बंद पडलेला, घर एकट्या मॅडमच्या पगारावर. पहिल्या महिन्याचा पगार असा कापून आला की हप्ता चुकला आणि जेवताना दोघं एकमेकांकडे बघेनात.

दुसऱ्या महिन्यात मात्र मॅडमच्या नावावरची ऑपरेशनं आपोआप वाढू लागली. अवघड जागा आली की विद्यार्थी थबकायचे, "मॅडम, जरा बघता का?" म्हणायचे. मॅडम पुढे होऊन काम उरकायच्या. ही तुकडी जरा भित्रीच, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि मनातल्या मनात देवाचे आभारही मानले.

आज टेबलावर हर्निया होता. रुग्ण गाढ झोपेत. काम शेवटच्या वर्षाच्या मुलीकडे, हात सावकाश पण स्वच्छ. मोठ्या रक्तवाहिनीशेजारी टाका घालायची वेळ आली आणि तिनं सुई मॅडमपुढे धरली. हात जरासुद्धा थरथरत नव्हता.

"का थांबलीस?"

"तुम्ही घाला ना, मॅडम. लवकर होईल."

"खरं काय ते सांग."

मास्कवरचे डोळे खाली गेले. "तुमचा पगार कापला ते कळलं आम्हाला. म्हणून ठरवलंय, अवघड काम तुमच्याकडेच द्यायचं."

"ठरवलंय? कोणी?"

"सगळ्यांनीच."

"अगं, पुढच्या महिन्यात तू पास होऊन दुसऱ्या हॉस्पिटलात जाशील. तिथे हा टाका कोण घालणार?"

"तिथलं तिथे बघू, मॅडम. तुमचं घर तर चालू दे."

या पोरीला जवळ घ्यावं की एक ठेवून द्यावी, मॅडमना कळेना. सुई त्यांनी घेतली नाही.

"तूच घाल," त्या म्हणाल्या. "आणि बाकीच्यांना सांग, उद्यापासून एकेकानं माझ्यासमोर घालायचा." पोरगी खाली वाकली. हप्ता याही महिन्यात चुकणार हे नवऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं, या विचारानं मॅडमना तिथेच धडकी भरली.