बत्तीस हजार आणि फुकटची तूरडाळ

मला नोकरी दोन वर्षं आधी सोडायची होती. कारण अगदी साधं होतं, गुडघे. मी अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात परिचारिका. आधी बरीच वर्षं कंत्राटावर काढली, मग कायम झाले, आणि कायम झाले तेव्हा जुनं पेन्शन नुकतंच बंद झालं होतं. माझं नशीब नेहमी बस सुटल्यावर स्टँडवर पोचतं. त्यामुळे घरी बसल्यावर महिन्याला किती लागेल, हे गणित आमचं आम्हालाच करावं लागणार होतं.

गणित करणारा माणूस घरातच होता. नवरा एका पतसंस्थेत जन्मभर हिशेब लिहून निवृत्त झालेला, आणि निवृत्त झाल्यापासून लिहायला हिशेब नाही म्हणून उदास. माझ्या गुडघ्यांनी त्याला नवं आयुष्य दिलं. त्याच्या ठेवींचं व्याज आणि मला जे काय मिळेल ते मिळून महिना बत्तीस हजार येतील, असं त्याने काढलं.

"पुरतीन का?" मी विचारलं.

"कागदावर सर्वेच रिटायर होते," तो म्हणाला. "एक महिना जगून पाहू."

पगार झाला त्या दिवशी त्याने बँकेतून बत्तीस हजार आणून लाडवांच्या स्टीलच्या डब्यात ठेवले. बाकीचा पगार झालाच नाही असं समजायचं. डबा संपला की महिना संपला.

पहिला आठवडा झकास गेला. दोन माणसं खातात किती? मुलगी तिच्या नोकरीच्या गावी, घरात आम्ही दोघं आणि टीव्ही. दुसऱ्या आठवड्यात अंजनगाव सुर्जीला लग्न निघालं, नांदगाव खंडेश्वरला एकाच्या घरी माणूस गेलं म्हणून भेटायला जावं लागलं, आणि जयंतीची वर्गणी न्यायला पोरं आली ती मागच्या वर्षीचा आकडा पाठ करूनच. नवरा म्हणाला, आपलं पोट स्वस्त आहे, ओळखी महाग आहेत. सव्वीस तारखेला डबा रिकामा झाला. त्याने वहीत रेघ मारली.

"आपण सव्वीसले वारलो," तो म्हणाला.

आणि मग तो वही आणि महिन्याची बिलं घेऊन माझ्यासमोर बसला. चार दिवस कुठे गेले ते त्याला हवं होतं. मी भाजी निवडत होते.

"मले सांग, आपल्या घरात शुगर कोणाले हाय?"

"कोणालेच नाई."

"बीपी?"

"तुमाले होईन आता."

"मंग महिन्याले एवढं औषध खाते कोण?"

आता सांगणं भाग होतं. औषध माझी बहीण खाते. अकोल्याला राहते, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिला आम्ही बाई म्हणतो. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि डाळमिलमध्ये डाळ निवडून माझं नर्सिंग पूर्ण केलं. हे ऋण आहे वगैरे मी कधी म्हणत नाही, कारण तिच्यासमोर असलं काही बोललं की ती उठून भांडी घासायला लागते. पैसे तर ती घेतच नाही. म्हणून सात वर्षांपूर्वी मी तिला सांगितलं की आम्हा नर्सांना घरच्यांसाठी गोळ्या फुकट मिळतात. असलं काही मिळत नाही. मी मेडिकलमधून विकत घ्यायची आणि दवाखान्यातल्यासारख्या खाकी पाकिटात भरायची. तिला वाचता येत नाही, म्हणून पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढायची. चंद्र मला चांगला जमतो.

नवऱ्याने ऐकून घेतलं. रागावला नाही. त्याने फक्त 'औषधे' खोडून 'बाईची औषधे' लिहिलं. माझ्या मनात मात्र भलतीच भीती होती. पैशांचं कसंही जमवलं असतं, पण नोकरी सुटली की फुकटच्या गोळ्याही सुटणार. घरी बसलेल्या नर्सला दवाखाना काय म्हणून गोळ्या देईल, एवढं बाईला नक्की कळतं. ती गोळ्या बंद करेल, आणि साखर वाढली तरी मला सांगणार नाही. मला माझी निवृत्ती हवी होती आणि बाईही हवी होती.

"आन हे काय?" नवऱ्याचं बोट आता वेगळ्या ओळीवर होतं. "तूरडाळ, शून्य. आपण रोज वरण खातो."

"थे बाई देते. महिन्याले पाच किलो. तिले मिलमधून फुकट भेटते."

नवऱ्याने पेन खाली ठेवलं. चौतीस वर्षं त्याने खोटी व्हाउचरं पकडली होती.

"कोणता सेठ महिन्याले पाच किलो तूरडाळ फुकट वाटते? भाव पायला काय तू?"

मी भाव पाहिला नव्हता. सात वर्षं आमच्या घरी तूरडाळ विकत आलीच नव्हती, तर भाव बघणार कशाला? आणि गोळ्या नेल्या की ती पिशवी भरून द्यायची, हेही सात वर्षंच चाललं होतं. या दोन सातांकडे मी कधी एकत्र पाहिलं नव्हतं. मी स्वतःला हुशार समजते.

मी एरवी रविवारी अकोल्याला जायची. यावेळी मंगळवारी सुट्टी टाकली आणि अर्ध्या तिकिटात एसटीने गेले. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, बाई मिलमध्ये गेली. मला बाईने सांगितलं होतं, काम कधीच सोडलं, आता कधीमधी जाते, वेळ जात नाही म्हणून.

"कधीमधी?" शेजारीण म्हणाली. "रोजच जाते थे. रैवार सोडून."

मी पायरीवर बसून राहिले. पाच वाजता बाई आली. अडुसष्ट वर्षांची बाई, केसांत डाळीची पिवळी धूळ, एक हात कमरेवर. मला पाहून ती आधी घाबरली.

"कावून आली व? मंगळवार हाय ना आज!"

"तू कावून जातं मिलमधी?"

तिने कुलूप काढलं, पाणी दिलं, चहा ठेवला. मी सगळं बोलून टाकलं. नोकरी सोडायची आहे, डबा सव्वीसला संपला, गोळ्या विकतच्या होत्या. शेवटचं बोलताना मला रडू आलं. बाईला आलं नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "शेजारणीले सरकारी गोळ्या भेटते, त्याइच्यावर शिक्का रायते. तुया गोळ्यावर कधीच नोता."

सात वर्षं मी पाकिटावर चंद्र काढत होते.

"मंग बोलली कावून नाई?"

"बोलली असती तं तू ऐकली असती? म्हणलं, देते तं देऊ दे. आपण डाळ देऊ."

"डाळ विकत घेतं तू?"

"मजुरीतून कापते सेठ." तिने चहा गाळला. "मी बसून राह्यली तं तुया पिशवीत काय घालू, सांग."

मी माझ्या गुडघ्यांचं गणित मांडत होते, आणि माझ्या प्रत्येक पाकिटासाठी ही कंबर धरून मिलमध्ये बसत होती. मला स्वतःचा इतका राग आला की मी चहा तसाच गार होऊ दिला. शेवटी मी म्हटलं, मी सोडते, तूही सोड. गोळ्या मी आणणार, विकतच्या, बिलासकट. डाळ द्यायची नाही. ती उठून भांडी घासायला लागली. मग म्हणाली, "तू सोडशीन त्या दिवशी मीबी सोडतो. पयले तू."

तिला वाटलं असावं, मी काही सोडत नाही. मी त्याच आठवड्यात अर्ज दिला. नवऱ्याने वहीत तूरडाळीची ओळ बाजारभावाने भरली, बेरीज केली आणि म्हणाला, आता आपण पंचवीसलाच वारतो. मी म्हटलं, चालेल.

माझी नोकरी संपली त्याच्या दुसऱ्या रविवारी मी अकोल्याला गेले. बाई घरीच होती. केस धुतलेले होते, धूळ नव्हती. मी गोळ्या आणि बिल दिलं. तिने बिल उलटंसुलटं पाहिलं आणि डब्यात ठेवलं. निघताना मी पिशवी घडी करून काखेत मारली, तर तिने ओढून घेतली, आत गेली आणि परत आणून दिली. आत एक मूठ डाळ होती.

"डाळ द्यायची नाई ठरलं होतं ना?"

"रिकामी पिशवी देत नसते व," बाई म्हणाली.

घरी आल्यावर नवऱ्याने वही उघडली. तूरडाळ, एक मूठ, असं लिहिलं आणि रकमेच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. जन्मभर हिशेब लिहिलेल्या त्या माणसाने तो रकाना कोरा सोडला आणि वही मिटली.