अडथळ्यांचा रकाना

रूपविकारी ताऱ्यांचं तेज कमी-जास्त होत राहतं आणि ते टिपून ठेवायचा मला नाद आहे. कुठला तारा कधी बघावा, हे लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर सांगतं. आज दुपारी ते उघडलं, तेव्हा यादीत हजारो तारे होते. मग मी एकेक रकाना भरत गेले. जागा आमची बाल्कनी. अडथळे म्हणून पश्चिमेला समोरची इमारत, दक्षिणेला पाण्याची टाकी. वेळ आठ ते नऊ. दर रकान्याला यादी आखडत गेली आणि शेवटी एकच तारा उरला. पूर्वी आम्ही दोघं दुर्बीण घेऊन माळावर जायचो. तेव्हा रात्र संपायची, यादी संपायची नाही. आता स्वतःचं आकाश मी स्वतःच्या बोटांनी कापत बसते.

"किती मिळाले?" ह्यांनी पलंगावरून विचारलं. अर्धांगवायू झाल्यापासून दोन वर्षं हे तिथेच आहेत.

"एक."

"अडथळ्यांत मला धरलंस का?" ह्यांनी विचारलं.

"त्यात इमारती टाकतात, माणसं नाही."

हे खोटं नव्हतं. आठ ते नऊ हे गोळीने झोपतात, तेवढाच तास मला मोकळा मिळतो. त्यांना मी वेळेच्या रकान्यात धरलं होतं.