दोकपालच्या दुकानातली केबल

गुर्योंगपो बंदरात मा सांगदूइतकं खत्रुड गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. बर्फ घेताना लादी फोडून आतला रंग बघायचा, दोर घेताना सगळा हातातून सोडून कुठे विरलाय का ते चाचपायचा, आणि बायकोने बाजारातून आणलेलं तिळाचं तेलही नाकाशी धरल्याशिवाय भातावर पडू द्यायचा नाही. "याने जन्माला येतानासुद्धा आई पारखून घेतली असेल," असं धक्क्यावर मासे वाळवणाऱ्या बायका म्हणत. अशा माणसाचा जगात एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास होता. तो म्हणजे योम दोकपाल.

दोघे एका गल्लीतले, आणि मिसरूड फुटायच्या आत एकाच बोटीवर लागलेले. दोकपालची दोन बोटं जाळं ओढायच्या यंत्रात गेली तेव्हा सांगदूने त्याला पाठीवर टाकून दवाखान्यापर्यंत नेलं होतं. हात अधू झाल्यावर दोकपालने समुद्र सोडला आणि बंदराच्या तोंडाशी बोटींच्या विजेच्या सामानाचं दुकान टाकलं. तेव्हा सांगदू बोटीबोटीवर जाऊन सांगत फिरला, की दिवा घ्या, वायर घ्या, साधा स्क्रू घ्यायचा असला तरी आपल्या दोकपालकडून घ्या. ज्याला कुणाचंच भलं दिसत नाही तो एकाची एवढी भलावण करतोय, म्हटल्यावर लोकांनी ऐकलंही. दुकान चाललं ते असं.

पुढे सांगदूने स्वतःची बोट घेतली. नाव मानबोक. मालक म्हणून नाखवा तोच, बोट हाकणारा तांडेलही तोच, आणि हाताखाली सात खलाशी. माकूळ, म्हणजे स्क्विड, पकडायची बोट ही अर्धी बोट आणि अर्धं वीजघर. दोन्ही काठांनी डोक्याएवढे दिवे टांगायचे, दिवस कलला की सगळे एकदम पेटवायचे, आणि त्या उजेडाला भुलून माकूळ वर आला की गळाला लावायचा. मानबोकवरची केबल आधीच्या मालकाच्या काळातली. तिचं वरचं रबर हाताला भुग्यासारखं लागायचं. एका उन्हाळ्यात, बोट धक्क्याला बसलेली असताना, सांगदूने ठरवलं की सगळी केबल उपसून नवी टाकायची.

दोकपालने दुकानात तीन तुकडे कापून त्याच्यापुढे टाकले.

"ही घरातली. ही कारखान्यातली. आणि ही बोटीची," तो म्हणाला. "बघ आता, पारख्या."

सांगदूने बोटीच्या केबलचं रबर सोललं. आत केसासारख्या बारीक तारांची जुडी, प्रत्येक तार शिजल्या भातासारखी पांढरी.

"तांबं कुठाय?"

"आत आहे रे. वरून कल्हई. प्रत्येक तारेला वेगळी, म्हणून तर भाव ऐकून घाम फुटेल तुला. बिनकल्हईचं तांबं खाऱ्या हवेत कळकतं, आधी हिरवं, मग काळं. काळं झालं की तापतं. आणि घरातली तार जाड असते, इंजिनाच्या हादऱ्याने मोडते आतल्या आत. बाहेरून कळतही नाही."

सांगदूने दोन तुकडे खिशात घातले, घरी नेले आणि दोन बरण्यांत समुद्राचं पाणी भरून त्यात टाकले. बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, किमचीच्या बरण्यांना खेटून.

"अहो, तुमची वायर वाढू का आज भातासोबत?" बायको, ओकसे, रोज विचारायची.

"वाढ. बाजारातल्या मुळ्यापेक्षा बरी असेल."

उन्हाळा सरत आला तेव्हा घरातली तार हिरवट होऊन मग काळी पडली होती. बोटीची जशीच्या तशी पांढरी. सांगदू खूश झाला. एवढ्या खुशीत ओकसेने त्याला स्वतःच्या लग्नातही बघितलं नव्हतं, असं तीच सांगते.

दोकपालने दिव्यादिव्याच्या मापाने तोडून दिलेली बंडलं धक्क्यावर आली त्या दिवशी निम्मं बंदर बघायला जमलं होतं. सांगदूने एक बंडल उचललं, टोकाचं रबर सोललं. पांढरं. दुसऱ्याचं सोललं. पांढरं. मग सवयीने कमरेची कटर काढून त्याने बंडलाच्या मधला वेढा हातात धरला.

बाजूला उभ्या दोकपालचं हसू मावळलं. "मधून कापणार?"

"बघतो जरा."

"बघ की. बंडल तुझंच आहे, कापलंस तर दोन तुकडे होतील, जोड येईल, जोडात पाणी शिरेल. पण बघ. चार लोकांसमोर बघ. उद्या सगळे म्हणतील, सांगदूसुद्धा दोकपालचा माल कापून घेतो."

त्याने अधू हात पाठीमागे नेला. सांगदूला ते दिसलं आणि कानशिलं तापली. कटर पुन्हा कमरेला गेली. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. बर्फाच्या लादीवर दया न करणारा हा माणूस एका बंडलापुढे विरघळला.

पहिला हंगाम निर्विघ्न गेला. दुसऱ्या हंगामात, दिवे पेटवले की केबिनमध्ये बारीक आवाज यायला लागला. केबिनच्या मागच्या भिंतीवर बोटीच्या राखणदारणीची लाकडी पेटी. तिच्यात तिचं कापड, आरसा, सुईदोरा. प्रत्येक बोटीवर ती असते आणि वाईट व्हायचं असलं की ती रडते, हे या किनाऱ्यावर पोरालाही ठाऊक. आवाज त्या पेटीच्या मागून यायचा. खलाशी केबिनमध्ये पाऊल ठेवताना आवाज खाली आणू लागले.

इंजिन सांभाळणारा हान म्हातारा होता आणि देवभोळाही होता, पण त्याला इंजिनाच्या पोटातली कुरकूर ओळखायची सवय. तो म्हणाला, "तांडेल, दिवे लावले की ती रडते, विझवले की गप्प होते. भिंत उघडून केबल बघू या का?"

"हानदादा, देवी काय तुमच्या सोयीने रडेल?"

"तसं नाही, पण..."

"ती दोकपालची केबल आहे. मी उन्हाळाभर बरणीत... जाऊ दे. राखणदारणीच्या पाठीमागची फळी उचकटायची नाही. विषय संपला."

हान पुन्हा इंजिनाकडे वळला. तांडेलापुढे बोलून काय उपयोग, हे तोही ओळखून होता.

सांगदूने पूजा घातली. मानबोकच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, डुकराचं मुंडकं मांडलं, तांदळाची दारू, मोदकासारखे वाफवलेले तांदळाचे गोळे, दोऱ्याने बांधलेला सुका मासा. दोकपाल पहिल्यापासून हजर, नव्या कोटात, बगलेत बाटली. सांगदूला बरं वाटलं. त्याने त्याला केबिनमध्ये ओढलं, दिवे लावले आणि म्हणाला, "तू विजेतला माणूस. हानदादा म्हणतो केबल वाजतेय. ऐक बरं."

दोकपालने भिंतीला कान लावला. बाहेर झांजा वाजत होत्या, ओकसे कुणाला तरी ताटं मांडायला ओरडत होती.

"केबल अशी वाजत नसते," तो शेवटी म्हणाला. "तीच रडतेय. तिला नवं कापड दे, सांगदू. चांगलं रेशमी दे."

"बघा हानदादा!" सांगदू मोठ्याने म्हणाला.

मग सगळ्यांनी नमस्कार केले. खलाशांनी घाईघाईत उरकले, दारू निवत होती. दोकपाल मात्र फळीला कपाळ टेकून एवढा वेळ वाकून राहिला, की ओकसेने विचारलं, "भावजी, झोप लागली की काय?" तो उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. सांगदूने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि स्वतःच्या पेल्यातली दारू त्याला पाजली. असा मित्र लाभायला पुण्य लागतं, हे तो त्या दिवशी तीन वेळा बोलला.

त्याच आठवड्यात मानबोक किनारा दिसेनासा होईतो बाहेर गेली. दिवस मावळला, सांगदूने दिवे पेटवले, आणि राखणदारीण रडली नाही. फट्कन आवाज झाला. नव्या रेशमी कापडाने पेट घेतला, पाठोपाठ पेटीने, पाठोपाठ भिंतीने. सगळीकडे काळा धूर. हान धुरात शिरला, मेन स्विचची तापलेली दांडी दोन्ही हातांनी धरली आणि खाली ओढली. तळव्यांची कातडी दांडीलाच राहिली. खलाशांनी पाणी मारून, ओली गोणपाटं टाकून आग विझवली. अंधारात, मेलेल्या इंजिनानिशी बोट हेलकावत राहिली आणि आठही माणसं एकमेकांना नावाने हाका मारत राहिली. शेजारच्या बोटीने दोर टाकून ओढून आणलं म्हणून बरं, नाहीतर ही गोष्ट सांगायला कोण उरलं असतं.

हानला दवाखान्यात पोचवून सांगदू बोटीवर परत आला. जळालेली भिंत त्याने स्वतः उचकटली. केबलचं टोक सोललं. पांढरं. मग वीतभर आत कापलं. तिथे कल्हई नव्हतीच. हिरवा-काळा भुगा त्याच्या मांडीवर सांडला. न जळलेल्या बाजूची केबल घेतली आणि मधून कापली. तीच गत. तारा बारीकच, पण घरातल्या तारेसारख्या बिनकल्हईच्या, टोकं तेवढी वितळल्या कथलात बुडवून काढलेली, आणि वरच्या रबरावर बोटीच्या केबलची छपाई ठसठशीत. तो कापत गेला. प्रत्येक तुकड्यापुढे त्याला वाटायचं, हा तरी पांढरा निघेल. एक तरी निघू दे, एक तरी चुकून खरा दिलेला असू दे.

सकाळी तो दुकानात गेला. दोकपाल आत बसलेला. दार उघडंच ठेवलेलं, जणू वाट बघत होता.

"हान कसा आहे?" त्याने विचारलं.

"हात गेले त्याचे. चमचा धरता येणार नाही म्हणतात." सांगदूने कापलेला तुकडा टेबलावर टाकला. "तू माझा केसाने गळा कापलास, दोकपाल. मी तुझा माल गावभर विकला रे. तू मलाच?"

"शहरातला एक माणूस तो माल गळ्यात मारून गेला. माझं दुकान बुडत होतं, सांगदू. कुणाला तरी खपवायला हवा होता."

"मग बंदरात शंभर बोटी आहेत!"

"ते कापून बघतात," दोकपाल म्हणाला. मान वर न करता, अगदी हळू. "सगळे तुझ्याकडूनच शिकले ना, मधून कापायला. माझा माल न कापणारा तू एकटाच होतास."

सांगदू त्याला मारायला आला होता.

"आणि पूजेला? तू भिंतीला कान लावलास. तुला कळलं होतं?"

"लगेच."

"आणि तू सांगितलंस रेशमी कापड दे."

"तोंडातून निघालं. एकदा निघालं आणि मग मागे घेता येईना. पण मी नमस्कार केला, सांगदू. तुला खोटं वाटेल. तुमचे सगळ्यांचे नमस्कार उरकलेले होते. मनापासून त्या दिवशी मी एकट्यानेच केला. म्हटलं, बाई, हा हंगाम सांभाळ. हंगाम संपला की मी काहीतरी निमित्त काढून स्वतःच्या खर्चाने सगळी केबल बदलून देतो. तुझी शपथ."

"माझी शपथ घालू नकोस."

"पोलिसांत दे मला."

"ते देणारच आहे. हानदादाच्या हातांसाठी देणार आहे." सांगदू म्हणाला. "पण तू तिला का सांगितलंस रे? ती लाकडाच्या पेटीतली. तिला वाचा नाही, तरी बिचारी तिला जमेल तसं बोंबलून सांगत होती, असंच समजलो ना आम्ही. तुला तर तोंड होतं. मी तुझ्या शेजारी उभा होतो. कानात म्हणाला असतास, सांगदू, दिवे लावू नकोस, तरी मी 'का' म्हणून एका शब्दाने विचारलं नसतं. तू म्हणाला असतास ना, तर मी विचारलं नसतं."

दोकपाल रडायला लागला. अधू हाताने तोंड झाकून, लहान पोरासारखा हुंदके देत. बोटं तुटली त्या दिवशीसुद्धा तो असा रडला नव्हता. सांगदू उभा राहून बघत राहिला आणि त्याला काहीच वाटलं नाही, ना राग, ना कीव. बंदरापर्यंत तो तसाच चालत गेला. तिथे पोचल्यावर, या माणसाचं रडणं बघून आपल्याला काहीच वाटलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि मासे वाळवणाऱ्या बायकांच्या देखत त्याचा बांध फुटला.